पत्रांतून उलगडणारा आरोग्याचा इतिहास

(जबलपूर येथील चेरीताल भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात १९२१ हे वर्ष ‘महाविभाजक वर्ष’ म्हणून ओळखले जाते. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या ०.३१ टक्क्यांनी घटली आणि त्यानंतर ती सातत्याने वाढत गेली. ही माहिती प्रत्येक परीक्षार्थीला पाठ असते. या घटीमागील सर्वांत मोठे कारण म्हणजे १९१८ मधील इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असे बहुतेक अंदाज सांगतात. सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाडाचा समावेश होता आणि जबलपूर हे त्याच प्रांतातील एक प्रमुख शहर होते.

आकडेवारी येथे थांबते. त्या दिवसांत एखाद्या कुटुंबाने वैद्याला बोलावले की डॉक्टरला, औषधासाठी पैसे कोणाकडून उसने घेतले, घरातील कोणाचा उपचार आधी झाला आणि कोणाचा लांबणीवर पडला, गावाकडे बातमी किती दिवसांनी पोहोचली, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कोष्टकात मिळत नाहीत. ती मिळाली तर त्या काळी लिहिलेल्या घरगुती पत्रांत मिळतात. म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासाशी संबंधित हस्तलिखित पत्रांचा संग्रह करणे हा केवळ हौशी लोकांचा छंद मानता येणार नाही. विकासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने ते साधनसामग्री निर्माण करण्याचे काम आहे.

ज्या वस्तीत हा विषय मांडला जात आहे, तिचे नावही या संदर्भात बोलके आहे. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा आधारताल आणि तिच्या दासीच्या म्हणजे ‘चेरी’च्या नावाचा चेरीताल, अशी जबलपूरची लोकपरंपरा आहे. राणीचे चरित्र इतिहासात नोंदले गेले. दासीचे मात्र केवळ तलावाला दिलेले नाव उरले आणि आज ते दाट वस्तीचे नाव झाले आहे. ज्यांच्याविषयी लेखी साधने उरत नाहीत, त्यांचा इतिहास नावापुरता शिल्लक राहतो. आरोग्याच्या इतिहासातही असेच घडले आहे.

आकडेवारीला पूरक साधन

ब्रिटिश अमलात १८६४ मध्ये तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले आणि पुढे आरोग्य आयुक्तांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत जन्म, मृत्यू, पटकी, देवी, ताप अशी वर्गवारी सापडते. हे अहवाल प्रशासनाच्या गरजेतून लिहिलेले होते. सैन्य, तुरुंग आणि मोठी शहरे यांच्याकडे त्यांचे विशेष लक्ष असे. कुटुंबाच्या पातळीवरील खर्च व निर्णय त्यांच्या कक्षेत येत नव्हते.

आज आरोग्यावरील खर्चाचे मोजमाप राष्ट्रीय आरोग्य लेख्यांद्वारे होते. एकूण आरोग्य खर्चातील लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे हे लेखे दर्शवतात. मात्र शंभर वर्षांपूर्वी आजारपणामुळे एखादे कुटुंब कर्जात कसे गेले, हे कळण्यासाठी असे लेखे उपलब्ध नाहीत. तेथे सावकाराच्या वह्या, घरखर्चाची टिपणे आणि पत्रे यांचाच आधार घ्यावा लागतो.

पत्रे मोठ्या संख्येने लिहिली गेली याला धोरणात्मक कारण आहे. १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा असा समान दर लागू झाला. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे पूर्ण झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. स्वस्त टपाल आणि वेगवान रेल्वे यांमुळे नोकरीनिमित्त पांगलेल्या मराठी कुटुंबांत प्रकृतीचे कुशल-अकुशल नियमित कळवले जाऊ लागले.

पुण्याहून लंडनला पोहोचलेली हकिकत

एक पत्र वैद्यकाची दिशा कशी बदलू शकते, याचे ठळक उदाहरण पुण्याशी संबंधित आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात केवळ आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैल हाकणारा टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला होता. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक तयार करून दिले, अशी ती हकिकत होती.

पत्रात शस्त्रक्रियेचे टप्पे तपशीलवार दिलेले होते. प्रथम मेणाचे नाक बनवून ते कपाळावर सपाट पसरायचे, त्याची रेघ आखायची, तेवढी त्वचा सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिचा एक पट्टा जोडलेला ठेवायचा आणि मग ती फिरवून खाली बसवायची. त्वचा चिकटून राहावी म्हणून पाण्यात मऊ केलेल्या काताची पट्टी लावली जाई. मधला पट्टा जोडलेला राहिल्यामुळे रक्तपुरवठा चालू राहतो, हे या पद्धतीचे मर्म होय. हे वर्णन वाचून लंडनमधील शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या वाटचालीत हा टप्पा महत्त्वाचा मानला जातो.

या पत्रात रुग्णाचे नाव आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या डॉक्टरांचीही नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा उल्लेख मात्र ‘विटा घडवणाऱ्या जातीतील माणूस’ एवढाच आहे. ज्ञान जगभर पसरले, पण ज्ञानाच्या धन्याचे नाव हरवले. पारंपरिक ज्ञानावरील हक्क हा आज आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा विषय आहे आणि भारताने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले आहे. त्या प्रयत्नांची गरज समजून घेण्यासाठी या एका पत्राचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

आनंदीबाई जोशी : जपली गेलेली पत्रे

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले आणि वैद्यकीय शिक्षणाची ओढ त्यांच्या मनात निर्माण झाली. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार तेथील नियतकालिकात छापला गेला. तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि १८८० पासून या दोन स्त्रियांमध्ये पत्रे सुरू झाली. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या स्त्रियांच्या पत्रमैत्रीमुळेच आनंदीबाईंचा १८८३ मधील अमेरिका प्रवास शक्य झाला.

त्याच वर्षी जून महिन्यात आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी स्वहस्ते पत्र लिहिले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून त्यांना खरी वैद्यकीय मदत देण्यासाठी आपण आलो आहोत, असा त्याचा आशय आहे. आरोग्य अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर दवाखाना उपलब्ध असूनही सामाजिक कारणांमुळे सेवा घेतली जात नाही, ही समस्या अठरा वर्षांच्या मुलीने १८८३ मध्ये नेमकी ओळखली होती. स्त्री आरोग्यसेविका, परिचारिका-प्रसाविका आणि २००५ पासूनच्या ‘आशा’ कार्यकर्त्या यांच्या नेमणुकीमागे हाच विचार आहे.

मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे पद त्यांना देऊ करण्यात आले होते. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेची संधी त्यांना जवळपास मिळालीच नाही. तरीही त्यांचे विचार आज तपशिलाने माहीत आहेत, याचे कारण पत्रे जपली गेली. कार्पेंटर यांच्याकडील पत्रांचा उपयोग कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मधील इंग्रजी चरित्रात केला. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रालाही पत्रांचा आधार आहे. पुढे मीरा कोसंबी यांनी या पत्रांचा विस्तृत अभ्यास केला आणि तो त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकाला आनंदीबाई परिचित आहेत त्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे. कादंबरीत गोपाळरावांचे व्यक्तिमत्त्व ठसठशीत दिसते. पत्रांत आनंदीबाई स्वतः बोलतात. मूळ साधन उपलब्ध असल्याने हा फरक अभ्यासकाला तपासता येतो.

येथे संस्थेची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. १८५० मध्ये स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाचे नाव बदलले, विलीनीकरणे झाली आणि अखेर ते फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग बनले. एवढ्या स्थित्यंतरांतही अभिलेखागार टिकले आणि आनंदीबाईंचे प्रवेशाचे पत्र आज तेथे पाहता येते. विलीनीकरणाच्या वेळी इमारती आणि यंत्रसामग्रीची मोजदाद सर्वत्र होते. जुन्या कागदपत्रांचीही तशीच व्हायला हवी.

रॉस यांचा पत्रव्यवहार आणि कागदांची किंमत

सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ मध्ये अलमोडा येथे झाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे त्यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था आढळली आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या डासांचे विच्छेदन त्यांनी केले होते. त्याला प्रत्येक डासामागे एक आणा मोबदला दिला जात असे. या संशोधनाच्या काळात रॉस यांनी लंडनमधील पॅट्रिक मॅन्सन यांना सातत्याने पत्रे लिहिली. हा पत्रव्यवहार १९९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शोधनिबंधात यशाचा निष्कर्ष येतो. चुकीच्या जातीच्या डासांवर घालवलेले महिने, नको असलेल्या बदल्या, वरिष्ठांविषयीची नाराजी यांचे दर्शन पत्रांतूनच घडते.

रॉस स्वतःचे कागद काटेकोरपणे जपत. १९२८ मध्ये कुटुंबाच्या आर्थिक तरतुदीसाठी त्यांनी हे कागद विक्रीस काढले. लेडी ह्यूस्टन यांनी ते २,००० पौंडांना विकत घेतले आणि ब्रिटिश म्युझियमला देऊ केले. म्युझियमने ते नाकारले. आज हा संग्रह लंडन येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाची संस्था आणि ग्लासगो येथील वैद्यक व शल्यविशारदांचे महाविद्यालय यांच्याकडे आहे.

या प्रसंगातून अर्थशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व समजते. पत्र जपण्याचा खर्च एकाच कुटुंबावर पडतो: जागा, कपाट, वाळवीपासून संरक्षण. लाभ मात्र असंख्य अज्ञात अभ्यासकांना मिळतो आणि तोही अनेक दशकांनंतर. अशा बाह्य लाभाच्या वस्तूंचे जतन बाजारावर सोपवले तर ते अपुरे होते. नोबेल विजेत्याच्या कागदांना खरेदीदार मिळतो. तालुक्याच्या गावातील डॉक्टर, सुईण किंवा लस टोचणारा कर्मचारी यांच्या कागदांना रद्दीचाच भाव मिळतो. म्हणून सार्वजनिक संस्थांचा हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

रुमाल, दप्तर आणि जबलपूर

पत्रसंग्रहाची परंपरा मराठी समाजाला नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. पुण्यातील पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत.

या कागदांचे वाचन प्रामुख्याने राजकारण आणि लढाया यांसाठी झाले. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने मृत्यू पावले. त्यांच्या आजारपणाचे उल्लेख असलेली पत्रे सत्तासंघर्षाचे साधन म्हणून वाचली जातात. त्याच पत्रांतून त्या काळचे निदान, पथ्य आणि उपचार यांचाही अभ्यास करता येतो.

जबलपूरचा मराठी संबंध जुना आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्यावर सागरच्या मराठ्यांचा अंमल बसला, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. पुढे १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपुराशी जोडलेला होता. साहजिकच येथील आरोग्य प्रशासनाच्या इतिहासाचा मागोवा घेताना नागपूर आणि भोपाळ या दोन्ही ठिकाणी जावे लागते. मराठी कुटुंबांतील जुने कागद बरेचसे मोडी लिपीत, नंतरचे देवनागरीत आणि शेजाऱ्यांचे हिंदीत किंवा उर्दूत. जबलपूर येथे १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८४ मध्ये आदिवासी आरोग्य संशोधनाचे केंद्र सुरू झाले. प्रादेशिक आरोग्याचा इतिहास लिहिण्यास हे शहर म्हणूनच सोयीचे आहे.

संग्रहाची शास्त्रीय पद्धत

अभिलेखशास्त्रात दोन तत्त्वे पायाभूत मानली जातात. पहिले, कागद कोठून आले याची नोंद. दुसरे, मूळ मांडणी न मोडणे. एखाद्या वाड्यात मिळालेल्या रुमालातून फक्त ‘महत्त्वाची’ पत्रे वेगळी काढली, तर उरलेल्या पत्रांशी असलेला त्यांचा संबंध तुटतो. औषधाच्या उल्लेखाचे पत्र आणि त्याच महिन्यातील कर्जाची चिठ्ठी एकत्र राहिली, तरच आजारपणाचा खर्च कळतो.

व्यवहारात काही पथ्ये पाळावी लागतात. पाकीट फेकू नये, कारण टपालाच्या शिक्क्यावरून ठिकाण व तारीख निश्चित होते. क्रमांक पेन्सिलीने लिहावा. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये. गोंद व उष्णता यांमुळे कागद कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. पत्र आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात, पावसाळ्यातील दमटपणापासून दूर ठेवावे. मोडी पत्राचे लिप्यंतर करताना मूळ प्रत आणि लिप्यंतर दोन्ही जपावीत. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले असल्यास तसे नोंदवावे.

ही शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. १९०१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता ५.३५ टक्के आणि स्त्रियांची केवळ ०.६० टक्के होती. याचा अर्थ उपलब्ध पत्रे समाजाच्या अत्यंत लहान गटाची आहेत. शेतमजूर, आदिवासी आणि बहुसंख्य स्त्रिया यांचा आवाज त्यांत क्वचितच थेट ऐकू येतो. पत्रांवरून संपूर्ण समाजाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. मौखिक इतिहास, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि दवाखान्यांच्या नोंदवह्या यांच्याशी पत्रांची पडताळणी करणे आवश्यक आहे.

कायदा, धोरण आणि गोपनीयता

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहेत. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झालेले ऐतिहासिक अभिलेख संघसूचीत (क्रमांक ६७), तर इतर अभिलेख राज्यसूचीत (क्रमांक १२) येतात. या संग्रहाची मोठी जबाबदारी राज्यांवर आहे, असा याचा अर्थ होतो. कलम ५१-क नुसार संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे.

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या संस्थांच्या अभिलेखांना लागू आहे. खासगी पत्रे त्याच्या थेट कक्षेत येत नाहीत; तथापि राष्ट्रीय अभिलेखागार ती देणगी किंवा खरेदीद्वारे स्वीकारू शकते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मूल्य असलेले आणि किमान ७५ वर्षे जुने दस्तऐवज पुरावस्तू ठरतात व खासगी व्यक्तीला ते निर्यात करता येत नाहीत. कागद ज्याच्या हाती आला त्याचा असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो, हा फरक संग्राहकाने विसरू नये.

२००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ अभियानाने हस्तलिखितांच्या नोंदणीला गती दिली. या योजनांचा भर ग्रंथरूप हस्तलिखितांवर आहे. सुटी पत्रे त्यांच्या कडेला राहतात. दुसरीकडे, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर बहुतेक नोंदी नष्ट होतात. संस्थांच्या नोंदी इतक्या अल्पायुषी असताना घरांतील पत्रांचे मोल वाढते.

जतन म्हणजे सरसकट प्रसिद्धी नव्हे. कुष्ठरोग, क्षय, मनोविकार, गर्भपात यांविषयीचे उल्लेख वंशजांना आजही त्रासदायक ठरू शकतात. रुग्णाचे नाव झाकणे, ठरावीक मुदतीपर्यंत पत्र बंद ठेवणे आणि कुटुंबाची लेखी संमती घेणे, हे नियम संग्रह सुरू होण्यापूर्वीच ठरवले पाहिजेत.

काय करता येईल?

काही उपाय अल्प खर्चाचे आहेत. प्रत्येक जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या ग्रंथालयात कागदपत्रांचा स्वतंत्र विभाग सुरू करावा. विद्यापीठांच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मदतीने जिल्हावार पत्रांची सूची करावी. मूळ पत्र कुटुंबाकडेच ठेवून त्याची डिजिटल प्रत घेण्याची सोय असावी, म्हणजे देणाऱ्याला गमावल्याची भावना राहणार नाही. मोडी वाचकांचे प्रशिक्षण मध्य प्रदेशातील मराठी वस्त्यांपर्यंत पोहोचावे.

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचेही कारण नाही. दिवाळीपूर्वीच्या आवरासावरीत माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि पिवळी पडलेली पोस्टकार्डे रद्दीच्या ढिगात जातात. १९१८ च्या हिवाळ्यात जबलपुराहून नागपूरला किंवा साताऱ्याला गेलेले एखादे कार्ड आजही अशा ट्रंकेत असू शकते. ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यावरील तारीख, गाव, लिहिणाऱ्याचे नाते आणि आजाराचा उल्लेख एका वहीत उतरवून ठेवणे प्रत्येक विद्यार्थ्याला शक्य आहे. ज्या साथीचा आकडा परीक्षेसाठी पाठ केला जातो, त्या साथीत माणसे कशी जगली हे सांगणारा पुरावा अशा वह्यांमधूनच उभा राहील.